पाठीमागून बहिरा माईक

माझा आवाज चांगला आहे, हे मी सांगत नाहीये, आमच्या खेळाच्या बाई सांगतात. आणि खेळाच्या बाई कुणाचं कौतुक करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. वर्षातून एखादं चांगलं वाक्य त्यांच्या तोंडून निघतं आणि तेही बहुतेक वेळा गोळाफेकीतल्या मुलाच्या वाट्याला जातं. त्यामुळे सकाळी मैदानावर सूचना वाचणारी नेहमीची मुलगी आजारी पडली, मला ऐनवेळी पुढे ढकलण्यात आलं, सगळी शाळा चक्क गप्प उभी राहिली आणि नंतर बाई जाता जाता म्हणाल्या, "आवाज आहे गं तुला," तेव्हा मी उरलेला दिवस जिनासुद्धा निवेदन केल्यासारखा उतरत होते.

त्याच आठवड्यात शाळेच्या फळ्यावर रेडिओ केंद्राची सूचना लागली. मुलांच्या गोष्टींच्या कार्यक्रमासाठी वाचणारी मुलं हवी होती. एक गोष्ट आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची. निवड झालेल्यांनी दर शनिवारी दुपारी केंद्रावर यायचं. आणि खाली जाड अक्षरांत लिहिलेलं होतं, 'ध्वनिमुद्रणात वाचणाऱ्याखेरीज इतर कोणताही आवाज आढळल्यास ते बाद ठरेल.'

सगळ्यांनी ती जाड ओळ वाचली. मी शनिवारची ओळ वाचली.

शनिवारचं असं आहे, की त्या दिवशी शाळा अर्धी असते आणि बाबांचं शीतगृह पूर्ण असतं. बाबा तिथे देखरेखीला आहेत. हजारो पोती बटाटे थंड राहावेत म्हणून ते स्वतः घामाघूम होतात. आईची बदली दुसऱ्या गावी झाल्यापासून घरात आम्ही दोघंच. शनिवारी दुपारी मी कुलूप उघडून आत येते आणि सवयीनं "आले गं" म्हणते. त्यावर फ्रीज थोडा वेळ गुरगुरतो आणि गप्प होतो. पुढे संध्याकाळपर्यंत तो आणि मी.

केंद्रावर म्हणे सहा-सात मुलं घेणार होते. सहा-सात मुलं, एक खोली, मध्ये टेबल, टेबलावर माईक, कुणीतरी वाचताना चुकतंय आणि बाकीचे फिदीफिदी हसतायत. हे चित्र मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं की त्यातल्या एका मुलीशी माझं मनातल्या मनात भांडण होऊन मिटलंसुद्धा. रेडिओवर यायचं नव्हतं असं नाही. पण मला त्याहून जास्त त्या खोलीत जायचं होतं.

गोष्ट मी स्वतः लिहिली. आयुष्यभर वर-खाली करून कंटाळलेल्या आणि एकदा तरी आडवं जावं अशी इच्छा असलेल्या लिफ्टची ती गोष्ट होती. (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लेखकाला कल्पनाशक्ती लागते.) पहिलं ध्वनिमुद्रण मी फोनवर केलं आणि मोठ्या अभिमानानं ऐकायला बसले. लिफ्ट रडवेल्या आवाजात म्हणते, "मला कुणी विचारतच नाही." त्यावर शेजारचे टेलिफोनकाका खणखणीत आवाजात उत्तर देतात, "राँग नंबर!" लिफ्ट तरीही धीर करून पुढे बोलते, तर वरच्या मजल्यावरच्या शिलाईकाकूंचं मशीन घर्रर्र करून तिला उभी-आडवी शिवून टाकतं.

मी खेळाच्या बाईंकडे गेले.

"शाळेत माईक आहे की," त्या म्हणाल्या. "साधा नाही, एका बाजूनं ऐकणारा. समोर बोललेलं ऐकतो, मागे बोललेलं ऐकत नाही."

"म्हणजे मुख्याध्यापकांसारखा," असं मी मनात म्हणाले. आवाज चांगला असला तरी तो कुठे काढायचा हे कळतं मला.

आता शाळेत माईक असणं आणि शाळेतून माईक मिळणं यात काय अंतर असतं, ते मी कार्यालयात जाऊन शिकले. कार्यालयातल्या साहेबांनी माझा अर्ज चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"खेळाचं साहित्य घरी देता येत नाही."

"साहेब, हा माईक आहे."

"क्रीडादिनाच्या खर्चातून घेतलाय. यादीत बॅटच्या खाली आहे. आणि जाळी आहे ना त्याला?"

"आहे."

"मग? जाळीच्या सगळ्या वस्तू खेळाच्या." हे बोलून ते स्वतःच खूश झाले, म्हणून मला थोडी आशा वाटली. "आणि हे कारण काय लिहिलंयस, 'वैयक्तिक आवाज'? वैयक्तिक आवाज म्हणजे घोरणं. 'शाळेच्या नावलौकिकासाठी' असं लिही."

लिहिलं. मग बाईंची सही, मुख्याध्यापकांची सही, बाबांची सही. मग कळलं की माईक संगीताच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली वाचनालयाच्या बाईंकडे आहे आणि वाचनालयाच्या बाई रजेवर आहेत. शेवटी एकदाची ती पेटी हातात पडली, सोबत एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र आणि कानाला लावायचे हेडफोन. मी ती पेटी घरी नेताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा वळसा घालून चुकवला. समोरून येणारी माणसंसुद्धा मला वाट देत होती, असा आपला माझा समज.

जिन्यात टेलिफोनकाकांनी गाठलं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि ज्या वस्तूला वायर आहे तिच्यावर आपला अधिकार आहे असं समजतात.

"माईक का? बघू. हं. हे बघ पोरी, एक साधी गोष्ट लक्षात ठेव. जिकडून गोंगाट येतो तिकडे पाठ करून बसायचं. आम्ही एक्स्चेंजमध्ये हेच करायचो."

"आणि चादरी लाव भिंतींना," वरच्या कठड्यावरून शिलाईकाकू म्हणाल्या. "जाड चादरी. माझ्याकडे पडद्यांचं कापड उरलंय, ते पण ने. माझ्या मशीनचा आवाज येत नाही ना गं खाली?"

"छे हो, काकू."

"येणारच नाही. तेल घातलंय मी."

गोंगाट येतो खिडकीतून. आमच्या खिडकीबाहेर चारही बाजूंनी घरं आणि मध्ये विहिरीसारखी मोकळी जागा. कुणी चमचा पाडला तरी तो सगळ्यांच्या घरात पडतो. काकांच्या सल्ल्याप्रमाणे मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि माईक माझ्यासमोर ठेवला. बाबा कामावरून आले, त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. कारण खिडकीच्या चौकटीत त्यांना फट दिसली.

इथे बाबांबद्दल सांगायलाच हवं. शीतगृहात फट म्हणजे गुन्हा. दाराच्या रबरात बोटभर भेग पडली की गारवा गळतो आणि बटाट्यांना कोंब फुटतात. इतकी वर्षं फटी शोधल्यामुळे बाबांचं असं मत झालंय की जगातले यच्चयावत प्रश्न फटीतून येतात. धूळ फटीतून येते, मुंग्या फटीतून येतात, सर्दी फटीतून येते. त्यांच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ असतं, जसं इतरांच्या बाबांच्या खिशात पाकीट असतं. आमच्या घरातली दारं उघडताना बाटलीचं बूच काढल्यासारखा आवाज होतो.

तर बाबांनी खिडकी चारी बाजूंनी चिकटवली. मग सॉकेटची भोकं. मग दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. या सगळ्यात आमच्यात जे बोलणं झालं ते असं:

"घट्ट झालं?"

"हं."

"हवा येतीये?"

"नाही."

"छान."

आम्ही दोघं असंच बोलतो. आई होती तेव्हा ती मध्ये बसायची आणि आमचं एकमेकांशी भाषांतर करायची. आता ती रोज संध्याकाळी फोन करते, आधी बाबांशी बोलते, मग माझ्याशी, आणि दोघंही तिला "सगळं ठीक" असं सांगतो.

मध्येच एक अब्रूचा प्रसंग घडला. पेटीत एक माहितीपत्रक होतं. मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत, म्हणून मी फक्त चित्र पाहिलं. माईकला कुठून किती ऐकू येतं याची ती आकृती होती. समोर भरपूर, बाजूला कमी कमी, आणि बरोबर मागे काहीच नाही, म्हणून रेषा तिथे आत वळलेली. थोडक्यात, पत्त्यातला बदाम. समोरची दिशा कळावी म्हणून मध्यातून गेलेला एक बाण. मी ती आकृती मोठी काढली, लाल पेननं रंगवली आणि भिंतीवर लावली. शास्त्रीय दृष्टिकोन.

शिलाईकाकू पडद्यांचं कापड घेऊन आल्या आणि त्यांनी बदाम पाहिला, त्यातून आरपार गेलेला बाण पाहिला, चिकटवलेली खिडकी पाहिली आणि दाराखालचा टॉवेलही पाहिला. काही न बोलता त्या निघून गेल्या. काकूंचं काही न बोलणं म्हणजे फार मोठं बोलणं असतं आणि ते माझ्याआधी बाबांपर्यंत पोचलं.

रात्री जेवताना बाबांनी तीन वेळा घसा खाकरला. "तुझ्या वयात," ते म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "म्हणजे आम्हीही त्या वयाचे होतो." पुन्हा थांबले. "त्याचं नाव काय?"

"कुणाचं?"

"ज्याचा तो... भिंतीवर..."

"बाबा, तो माईक आहे!"

"बरं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पण आडनाव?"

आकृती मी त्यांना समजावून सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला थोडा अपमानच वाटला. कुणी असतं, तर काय बिघडलं असतं? पण विचारणारं माणूस आधी असावं लागतं. वर्गात बाकावर माझ्या शेजारी माझं दप्तर बसतं.

असो. मी ध्वनिमुद्रण केलं. चादरी, पडद्यांचं कापड, चिकटवलेली खिडकी, खिडकीकडे पाठ. यंत्र लावून ऐकलं तर फोनपेक्षा पुष्कळ बरं होतं, पण लिफ्टच्या रडण्यामागे मशीन चालूच होतं आणि टेलिफोनकाका कुणाला तरी "जोरात बोला" असं सांगत होते.

बाबांनी माईक हातात घेतला. दिव्याखाली धरून फिरवला. आणि मला तो क्षण अजून आठवतो, कारण माणसाच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी क्वचित पाहिलाय.

"हे बघ," ते म्हणाले. "फटी!"

खरंच होत्या. जाळीच्या मागे, माईकच्या मानेभोवती, बारीक आडव्या फटींची रांग.

"पुढून ऐकायचंय ना? मग मागे फटी कशाला? मागचा सगळा गोंगाट इथून आत येतोय. बनवणाऱ्याला काही कळतं का?"

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. टेलिफोनकाकांना बोलावून दाखवलं, त्यांनाही पटलं, आणि "मी हेच सांगणार होतो" असं ते म्हणाले. बाबांनी रीळ काढलं आणि माईकच्या मानेला असा काही सुरेख पट्टा गुंडाळला की एकही सुरकुती नाही. शीतगृहाचं दार असतं तर बटाटे पिढ्यान्‌पिढ्या टिकले असते.

"आता वाच," ते म्हणाले आणि पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात गेले.

मी वाचलं. अगदी जीव ओतून वाचलं. मग हेडफोन लावून ऐकायला बसले.

आधी वाटलं, यंत्र बिघडलं. मशीन पहिल्यापेक्षा काही कमी झालं नव्हतं, आणि त्याच्या जोडीला आता सगळीकडून सगळं येत होतं. भिंतीवरचं घड्याळ, पलीकडच्या न्हाणीघरातलं गळणारं पाणी, जिन्यातल्या चपला, काकूंची कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. माझा आवाज त्या गर्दीत बाजारात हरवलेल्या मुलीसारखा इकडून तिकडे फिरत होता. आणि माईकच्या मागून, अगदी माझ्यासमोरच्या बंद दारापलीकडून, स्वयंपाकघरातून, बाबांचा आवाज. आईशी फोनवर बोलत होते.

"अगं हळू बोलतोय, ती वाचतीये... हो, जेवते नीट... नाही गं, माझ्याशी नाही बोलत फारसं. मी काही विचारलं की 'हं' म्हणते. चूक तिची नाही, मला विचारताच येत नाही. तू काय विचारायचीस तिला?... पण खोलीत गेली की त्या लिफ्टशी काय काय बोलते! मी भाजी गरम करायच्या निमित्तानं इथे उभा राहतो आणि ऐकतो. आज तीनदा गरम केली."

मी यंत्र बंद केलं. मग परत लावलं. मग परत बंद केलं.

इथे काहीतरी विनोदी लिहावं असा माझा विचार होता. नाही सुचलं.

दारावर टकटक झाली. "कसं झालंय?" बाबांनी विचारलं. "पट्टी लावल्याचा फरक पडला ना?"

"पडला," मी म्हणाले.

"छान," ते म्हणाले. मग ते भाजी गरम करायला गेले.

त्या संध्याकाळी मी ते मुंगीएवढ्या अक्षरांतलं पत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं, काही ओळी दोन-दोनदा. आणि कळलं की आम्ही त्या बिचाऱ्या माईकचा गळा आवळला होता.

गंमत अशी आहे. माईकच्या आत एक पातळ पडदा असतो. तो हलला की माईकला ऐकू आलं असं समजायचं. आमच्या इमारतीचं खालचं दार डोळ्यांसमोर आणा, दोन्हीकडे झुलणारं. बाहेरून टेलिफोनकाका ढकलतात आणि आतून त्याच वेळी तेवढ्याच जोरानं शिलाईकाकू ढकलतात. दार हलत नाही. दोघंही म्हणतात, कडी लागलीये. तसंच इथे. मागून येणारा आवाज दोन वाटांनी पडद्याकडे जातो. एक वाट बाहेरून वळसा घालून पुढच्या जाळीतून. दुसरी त्या फटींतून, मागच्या बाजूनं. फटींची वाट तशी जवळची, पण आत मुद्दाम अडथळे ठेवलेले असतात, त्यामुळे तो आवाज रेंगाळतो. इतका मोजून रेंगाळतो की दोघं एकाच क्षणी पडद्याच्या दोन बाजूंना येऊन धडकतात. पडदा जागच्या जागी. मागे कुणी बोललंच नाही, असं माईकला वाटतं. समोरून आलेला आवाज मात्र पडद्यावर आधी पोचतो, त्याचा फटींतून जाणारा भाग फार उशिरा येतो, त्यामुळे पडदा मस्त हलतो.

म्हणजे मागचं ऐकू येऊ नये म्हणून माईकला मागूनही एक कान लागतो. तो बुजवला की मागच्या आवाजाला अडवणारं कुणी उरत नाही. तो वळसा घालून येतो आणि खुशाल दार ढकलतो. मग माईक चहूकडचं सारखंच ऐकायला लागतो.

आणि टेलिफोनकाकांचा सल्लाही उलटाच होता. मी खिडकीकडे पाठ करून बसले, म्हणजे माझ्याकडे तोंड केलेला माईक थेट खिडकीकडे बघत होता. ज्या बाजूचा गोंगाट नको, तिकडे माईकची पाठ हवी. म्हणजेच माझं तोंड हवं.

हे बाबांना सांगणं हा खरा प्रश्न होता.

"फट उघडी ठेवायची?" ते म्हणाले. मी जणू त्यांना शीतगृहाचं दार सताड उघडून घरी यायला सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही ऐकूनच बघा."

पट्टी काढली. ती निघताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग मी हेडफोन लावले आणि त्यांना माईकच्या मागे उभं केलं. "बोला काहीतरी."

बाबांचे ओठ हलले. हेडफोनमध्ये अगदी पुसट, भिंतीपलीकडून आल्यासारखं काहीतरी.

"काय म्हणालात?"

"बटाटे," ते म्हणाले. "दुसरं काही सुचलं नाही."

"आता बोलत बोलत पुढे या."

"बटाटे, बटाटे, बटाटे," असं म्हणत बाबा माईकला प्रदक्षिणा घालायला लागले. बाजूला आल्यावर बटाटे उजळले, समोर आल्यावर तर असे गडगडले की मी हेडफोन फेकले. मग बाबांनी हेडफोन लावले आणि मी मागे जाऊन "बटाटे" म्हणाले. मग पुढे येऊन. बाबा हसायला लागले. ते हसताना डोळे मिटतात, हे मी विसरले होते. टेलिफोनकाका दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "भाजी संपली असेल तर आमच्याकडून न्या."

माईकची पाठ खिडकीकडे केली. मी खिडकीकडे तोंड करून बसले. काकांनी तक्रार नोंदवली, "आवाजाकडे तोंड? एक्स्चेंजमध्ये असं कधी केलं नाही," आणि ते घरी गेले. बाबाही निघाले, स्वयंपाकघराकडे.

"बाबा," मी म्हणाले. हे वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघितलं होतं. "माईकच्या मागे बसलात तरी चालेल. त्याला तुम्ही ऐकू येणार नाही. मला समोर कुणी असलं की बरं वाचता येतं."

बाबांनी खुर्ची आणली. बरोबर माईकच्या पाठीमागे ठेवली, बदामाच्या आत वळलेल्या रेषेवर, आणि शाळेत पहिल्या दिवशी आल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले. मागे खिडकी, खिडकीपलीकडे मशीन. मी वाचायला लागले.

लिफ्टचा मालक तिला तेल घालतो आणि विचारतो, "आता खूश?" तिथे बाबा हसले, चांगले आवाज करून. मी थांबले आणि पुढे गेले. लिफ्ट म्हणाली, "मला कुणी विचारतच नाही." बाबांनी नाक शिंकरलं. मी पुन्हा थांबले. शेवटी लिफ्ट आडवी गेली, भिंत फोडून, शेजारच्या इमारतीत, तिथल्या लिफ्टला भेटायला. तेव्हा बाबांनी वळून खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "भिंतीला मोठं भगदाड पडलं असेल."

"हो."

"असू दे," बाबा म्हणाले.

ते ध्वनिमुद्रण मी पुष्कळदा ऐकलंय. मशीन नाहीच म्हटलं तरी चालेल. बाबा तर नाहीतच. फक्त माझा आवाज, आणि मधूनमधून मी थांबलेय. केंद्रावरच्या लोकांना वाटलं असेल, या मुलीला विराम छान घेता येतात.

निवड झाली. मी उड्या मारल्या, खेळाच्या बाई म्हणाल्या, "हं," आणि कार्यालयातल्या साहेबांनी माईक परत घेताना तो बॅटच्या शेजारी ठेवला.

मग तो शनिवार आला. मी केस दोनदा विंचरले. सहा-सात मुलांना पुरेल एवढ्या गोळ्या दप्तरात टाकल्या. केंद्राच्या इमारतीत एक लांब, रिकामी मार्गिका होती, तिच्यात भिंतीला टेकून एक बाक. आतल्या बाईंनी माझं नाव विचारलं आणि यादीत मला दिलेल्या वेळेवर खूण केली.

"बाकीची मुलं?" मी विचारलं.

"कुठली मुलं?"

"गोष्टी वाचणारी."

"प्रत्येकाची वेळ वेगळी आहे, बाळा. एकेकाचं वाचून घेतो आणि मग जोडतो. एकत्र बसवलं तर गोंगाट नाही का होणार?"

मला एका खोलीत बसवलं. दार बंद झालं तेव्हा आवाजच झाला नाही. भिंतींना राखाडी गाद्या, काचेपलीकडे एक काका, त्यांनी अंगठा दाखवला. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. गिळलं तर तेही ऐकू येत होतं. मी एक गोष्ट त्या गाद्यांना वाचून दाखवली. काकांनी परत अंगठा दाखवला. बाहेर आले तेव्हा मार्गिका रिकामीच होती.

संध्याकाळी बाबांनी विचारलं. आता ते विचारतात, आईकडून प्रश्न लिहून घेतल्यासारखे, एकामागून एक. "कसं झालं? किती मुलं होती?"

"बरीच," मी म्हणाले. "फार गोंगाट करतात."

"छान," बाबा म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पुढच्या शनिवारी मी माझ्या वेळेच्या खूपच आधी केंद्रावर पोचले. घरी बसून तरी काय करायचं होतं? निदान तिथे बाक होता.

बाकावर आधीच दोघं बसलेली होती. चष्मा लावलेली एक मुलगी आणि सर्दी झालेला एक मुलगा. दोघांच्या मध्ये एक दप्तर बसेल एवढं अंतर, दोघंही आपापल्या बुटांकडे बघत. आतल्या बाईंनी दार उघडून आम्हा तिघांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अरे, तुमची वेळ तर हिच्याही नंतरची आहे," त्या दोघांना म्हणाल्या. "आणि तू? तू का इतक्या लवकर?"

"बस लवकर मिळाली," मी म्हणाले.

"आम्हालाही," दोघं एकदम म्हणाली, आणि एक इकडे, एक तिकडे सरकून त्यांनी मध्ये मला जागा करून दिली.